मोठ्या मायचं 'काई नाई'

मोठी माय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. तिला कधी काही दुखल्याचं आमच्या इंझोरी गावात कोणी ऐकलं नव्हतं. विंचू चावला तरी "काई नाई" म्हणत तिने आधी तव्यावरची भाकर उलटली. मात्र सोसवेनासं झालं की तिच्या पायांची बोटं आवळली जात. हे मलाच ठाऊक होतं, कारण लहानपणी चुलीपुढे मी तिच्या पायाशी बसून जेवायचो.

का सांगत नाहीस, असं मी तिला एकदा विचारलं. "दुखते म्हनलं का दुसऱ्या दिवशी वावरात कामाले कोनी बलावत नाई," ती म्हणाली.

एकोणीसशे सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला, ऐन वेचणीत, तिच्या उजव्या चिमटीत कापूस धरवेना. करंगळी बधिर झालेली. वेचणीवर जगणाऱ्या बाईचा हातच चालला होता. मी तेव्हा मंगरूळपीरला मास्तर होतो. तिची समजूत घालून तिला एसटीने नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे नसा तपासायचं यंत्र होतं. हाताला तारा चिकटवून डॉक्टरीणबाईंनी कोपराशी करंट दिला. बोटं आपोआप उडाली.

"लागतंय का?"

"काई नाई."

करंट वाढवला. तरी "काई नाई." मग अंगठ्याजवळच्या मांसात सुई गेली. तरीही तेच. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "बोटं हलतात, पण जाणीव पार गेलेली दिसते. मग ऑपरेशनचा कितपत उपयोग होईल, सांगता येत नाही."

तिला टेबलावर निजवलं होतं आणि मी तिच्या पायांशी उभा होतो. मोठ्या मायच्या पायांची बोटं घट्ट वळलेली होती.

"मोठी माय," मी म्हणालो, "इथं खोटं नोको बोलू. इथं दुखते म्हनलं तरच हात राह्यते."

तिने नजर छताकडे वळवली. मग हलकेच म्हणाली, "लागते, बाई. पयल्यापासून लय लागून राह्यलं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला, करंट कमी केला आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून केली. या वेळी ती दर वेळी खरं सांगत होती, आणि मला मात्र ते ऐकवत नव्हतं.

ऑपरेशन झालं. पुढच्या हंगामात ती वेचणीला गेली आणि तिचं "काई नाई"ही परत आलं. जित्याची खोड, दुसरं काय.

पुष्कळ वर्षांनी, शेवटच्या आजारात, मी तिचा तोच हात धरून बसलो होतो. "दुखते का कुठं?" मी विचारलं.

"काई नाई, बाप्पा."

सवयीने मी पांघरूण सारून पायांकडे पाहिलं. बोटं सैल पडली होती. त्या दिवशी ती खरंच सांगत होती.