बसल्या जागी धावलेले बाबा

माझ्या लग्नासाठी बाबा पेणहून रोह्यापर्यंत धावत गेले. जीपमध्ये बसून!

बाबांचे ठोके मूळचेच संथ. पहिल्या पेसमेकरचा एकच ठेका, जिना चढा नाहीतर झोपा! त्याची बॅटरी संपल्यावर डॉक्टरांनी नव्या तऱ्हेचा बसवला. "काका, हा हालचाल ओळखतो. चाललात की ठोके आपोआप वाढवतो." बाबांनी शर्टाची बटणं काढून तो आमच्या अख्ख्या रामवाडीला दाखवला.

आणि आम्ही रोह्याला मुलगी बघायला निघालो. (तोवर सगळीकडून नकार! हे स्थळ गेलं असतं तर आईनं मला घरात घेतलं नसतं.) नागोठण्यापर्यंत खड्ड्यांनी भेटीच्या पापडांचा चुरा केला. पुढे बाबा छाती धरून म्हणाले, "अरे, आत कोंबडं फडफडतंय!"

मुलीच्या आईनं घामाघूम बाबांना बघितलं. "अगो बाय! झोपाळ्यावर बसवा त्यांना, वारा लागू दे!"

मी लगेच झोके द्यायला लागलो. जोरात! (मुलगी दारातून बघत होती ना!)

"बापाची सेवा करतोय हो पोरगा!" तिची आई म्हणाली.

"बरं वाटतंय का?" आमच्या आईनं विचारलं.

"नाय गो, वाढतंय!"

मी आणखी जोर लावला.

शेवटी मुलीच्या वडिलांनी आमच्या डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला.

"काकांना स्वस्थ बसवलंय ना?"

"व्हय! झोपाळ्यावर!"

"उतरवा आधी! मशीनला वाटतंय काका धावतायत! खड्ड्यांतही तेच झालं असणार."

मी तेच मोठ्यानं सगळ्यांना सांगत बसलो. मुलीनंच पुढे येऊन झोपाळा धरला. "मला बघायला आलात, का बापाला मारायला?"

घटकाभरात बाबा शांत झाले, चहा प्यायले आणि म्हणाले, "हीच सून! पोराच्या भरवशावर मी जगत नाय!"

बाबा आता नाहीत. खड्डा लागला की अजून त्यांची फार आठवण येते. आता पेसमेकर माझ्या छातीत आहे. हा भलताच हुशार. खड्ड्यांना सहसा फसत नाही, वर दिवसभराची हालचाल नोंदवतो. परवा तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "फिरायला जाता ना?"

"रोज! तासभर!"

"मशीन तर म्हणतंय, तुम्ही बसूनच असता."

शेजारी बायको. तिनं कपाळाला हात लावला. "सासरे माझे बसल्या बसल्या रोह्यापर्यंत धावले, आणि हे फिरायला जाऊन बसतात!"