लाल नळीला भाव नाही

दवाखान्यात नोकरी करा, औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधाच्या बाटलीला तळ असतो, माणसाच्या बोलण्याला कुठला! मी शहाद्याच्या एका खाजगी दवाखान्यात बाई म्हणून लागले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि आमचा मुलूख धुळे जिल्ह्यात मोडत होता. मी चौथी पास. तीही चौथी दोनदा करून! पण डॉक्टरसाहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, "रंग ओळखता येतात?"

मी म्हटलं, "मिरची निवडत मोठी झालेय. रंग मला काय विचारता?"

झालं, लागली नोकरी.

काम असं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात रोग्याच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, मग नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं की माणसाचं काही खरं नाही. मला तर जादूच वाटायची! पहिल्या दिवशी मी माझी स्वतःची तीनदा उकळली.

डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, तिशीतले, काडीसारखे बारीक. बोटांत सदा सिगरेट. पोस्टाने त्यांना इंग्रजी छापील अंक यायचे. अंक आला की रोग्याच्या छातीला नळी लावूनसुद्धा डोळे अंकातच. "पारूबाई! नवा शोध!" अशी आरोळी आली की मी समजायचे, आज दुपारचं जेवण गेलं.

एकदा असेच नाचत आले. म्हणाले, "अन्न शरीरात जळतं, त्यातून शक्ती येते. ते नीट जळलं नाही की साखर रक्तात फिरत राहते, चरबी रक्ताच्या नळ्यांत बसते आणि शेवटी हृदय बंद पडतं. साखर, चरबी, हृदय, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे! हे आत्ता आत्ता कळायला लागलंय!"

मी म्हटलं, "म्हणजे चूल धुपली की घर काळं होतं."

डॉक्टर अंकाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "यांना एवढं सांगायला चाळीस पानं लागली हो!"

* * *

नंदुरबारचा एक मिरचीचा व्यापारी आला. आधी पोट आत आलं, मागून शेठ. तहान फार लागते, रात्री चार वेळा उठावं लागतं, ही तक्रार. सोबत त्याचा मुनीम. शेठ म्हणाला, आलाच आहे तर याचंही बघा.

मी दोघांच्या नळ्या शेजारी शेजारी तापवल्या. मुनिमाची निळीच्या निळी. शेठची मात्र बघता बघता हिरवी, पिवळी, नारिंगी आणि शेवटी लालभडक!

शेठ खुर्चीवरून उठला. नळी उजेडात धरून फिरवली. "वा! काय रंग शे! एक नंबर माल!"

आणि मी तोंड उघडायच्या आत मुनिमाला पेढे आणायला पिटाळलं की हो! पेढे आले, बाकावरच्या सगळ्या रोग्यांना वाटले. शेठने स्वतः चार खाल्ले. मुनीम बिचारा कोपऱ्यात तोंड पाडून बसला. मला हळूच म्हणतो, "बाई, मन्ही निळीच कशी ऱ्हायनी वं? अजून थोडी उकळ ना!"

मी शेठला सांगितलं, "शेठ, तुमच्या बाजारात लालला भाव असेल. इथं लाल म्हणजे माल सडला!"

शेठचा पाचवा पेढा हातातच राहिला. डॉक्टर आतून बाहेर आले, सगळ्यांची तोंडं चालू पाहिली आणि म्हणाले, "पारूबाई, आज बाकावरच्या कुणाचीही तपासणी करू नका."

* * *

रक्तदाबाच्या यंत्राची तर वेगळीच कथा. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, पारा वर चढतो, मग हवा सोडायची. एक म्हातारेबुवा दर सोमवारी यायचे, पट्टा बांधून घ्यायचे आणि गोळ्या न घेताच निघून जायचे. एकदा मी अडवलं. म्हटलं, "बाबा, गोळ्या?"

"गोळ्या कसाले? पट्टा आवळस, सोडस, की सगळं प्रेशर निंघी जास. मोकळं वाटस बाई!"

पुढच्या सोमवारी ते शेजाऱ्यालाही घेऊन आले. त्याला कसलाच आजार नव्हता. त्याला फक्त मोकळं वाटून घ्यायचं होतं.

आणि एक बाई होती, तिचा पारा कायम वर. मीठ बंद केलं, लोणचं बंद केलं, पापड बंद केला, तरी वरच! तिचा नवरा प्रत्येक वेळी शेजारी उभा. डॉक्टरांनी तिला काही विचारलं की उत्तर हा देणार. "पोट दुखतं का?" हा म्हणणार, "नही दुखत." शेवटी माझंच डोकं सणकलं. मी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी पुन्हा माप घेतलं, तर पारा चांगलाच खाली!

डॉक्टर उडालेच. "पारूबाई, हा तर शोध आहे!"

मी म्हटलं, "ह्यात शोध कसला? कुठल्याही बाईला विचारा."

त्यांनी तिच्या कागदावर औषधाच्या जागी लिहिलं: 'नवरा बाहेर बसवणे.'

* * *

लोकांना हसत होते ना मी? मग आमच्याच घरात लाल नळी आली.

जिजी माझी सासू. आम्ही दोघीच शहाद्याजवळ ब्राह्मणपुरीला राहायचो. माझा नवरा गेला तेव्हा माहेरचे मला न्यायला आले होते. जिजी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हाई आते मन्ही पोर शे. चहा प्या आनि जा." दवाखान्याची नोकरीही तिनेच घ्यायला लावली. गाव बोललं, तर गावाशी भांडली.

तिच्या डाव्या पायाला शेतात पऱ्हाटीचा खुंट टोचला. कपाशी काढल्यावर जमिनीत राहतो ना, तो. टोचला हे तिला दोन दिवसांनी कळलं, तेही चपलेत रक्त दिसलं म्हणून. जखम काळी पडायला लागली तेव्हा मी तिला ओढत दवाखान्यात आणलं. नळी तापवली, तर लाल! दुसरी तापवली, तीही लाल!

डॉक्टर म्हणाले, "दुखत नाही हेच वाईट आहे. साखर खाली आली आणि जखम भरायला लागली तर पाय वाचेल. नाहीतर धुळ्याला न्यावं लागेल, तिथे घोट्यापासून कापतील."

मला एवढंच कळत होतं की जिजीचा पाय गेला तर जिजी बसेल. आणि बसलेली जिजी जगायची नाही.

त्या वेळी साखरेवर नव्या गोळ्या निघाल्या होत्या. डॉक्टरांनी मुद्दाम मुंबईहून मागवल्या. ड्रेसिंग, सुया, सगळं सुरू झालं. आणि हुकूम झाला: साखर बंद!

पंधरा दिवसांनी नळी तापवली. लालच!

डॉक्टरांनी विचारलं, "जिजी, साखर खाल्ली?"

"देवनी आन, साखरले हात लाया नही!"

मीही साक्ष दिली. खरंच होतं ते. आमच्या घरात साखर यायची ती फक्त पाहुण्यांसाठी. घरच्यांचा चहा गुळाचा, आणि भाकरीवर गूळ-तूप. डॉक्टर म्हणाले साखर बंद, म्हणून आम्ही पाहुण्यांची साखर बंद केली होती! पंधरा दिवस पाहुणे फिक्का चहा पिऊन आमच्या नावाने बोटं मोडत गेले, आणि जिजीला रोज सकाळी गुळाचा चहा कोण देत होतं? मी! गावभराच्या नळ्या उकळणारी!

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मी चौथी दोनदा का केली ते त्यांना त्या दिवशी कळलं असणार.

* * *

गूळ बंद झाल्यावर जिजीचं डोकं वेगळ्याच दिशेने चालायला लागलं. पुढच्या तपासणीला तिने घरूनच बाटली भरून आणली. मी तापवली. निळी! आकाशासारखी! डॉक्टर टाळ्या वाजवायला लागले, "गोळीने काम केलं! पारूबाई, गोळीने काम केलं!"

मी जिजीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. मग मी बाटली नाकाशी नेली. गोठ्यात वाढलेल्या बाईला आणखी काय सांगायला लागतं?

"जिजी, हे म्हशीचं आहे!"

जिजी जराही ओशाळली नाही. "तिलेबी मी गूळ खावाडस. तरी तिनी नळी निळीच उनी! मंग मन्हामाच काय खोट शे?"

डॉक्टर हसले नाहीत. जखमेवरची पट्टी सोडून बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून एक महिना. त्यापुढे मी थांबू शकणार नाही." मी जिजीला ते तसंच सांगितलं, एक शब्द गोड न करता. त्या दिवसापासून बाटली माझ्या डोळ्यांसमोर भरायची, असा मी नियमच केला.

* * *

त्याच आठवड्यात पोस्टाने नवा अंक आला. मी जिजीचा पाय धूत होते, ती बाकावर, आणि डॉक्टर समोर उभे राहून भरभर वाचत होते.

"काय सांगी ऱ्हायना तो?" जिजीने मला विचारलं.

मी सांगितलं, "तंबाखूच्या धुरानेही रक्ताच्या नळ्या आवळतात म्हणे. हृदयाच्याही, पायाच्याही."

जिजीने बोट दाखवलं. "मंग तुन्हा हातमा काय शे रे डॉक्टर?"

डॉक्टरांनी सिगरेट झटकन पाठीमागे लपवली. पाठीमागून धूर वर यायला लागला.

"तू हाई सोड, मी चोरीना गूळबी सोडस," जिजी म्हणाली. "महिनाभर. बोल, शे का हिंमत?"

बाकावर सातआठ रोगी. सगळे डॉक्टरांच्या तोंडाकडे बघताहेत! डॉक्टरांनी सिगरेट चपलेखाली चिरडली आणि पाकीट खिडकीतून बाहेर फेकलं. बाहेर टांगेवाल्याने ते वरच्या वर झेललं.

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत! जिजी सकाळी मला बजावायची, "डॉक्टरनं तोंड हुंगीसन ये!" आणि दवाखान्यात पाय ठेवला की डॉक्टर विचारायचे, "जिजींचा ओचा तपासलात?" पहिल्या आठवड्यात जिजी शेजारणीशी भांडली, भेटायला आलेल्या जावयाशी भांडली आणि पोस्टमनला तर दारातच उभं केलं नाही. डॉक्टरांनी दात दुखणाऱ्याला खोकल्याचं औषध लिहून दिलं आणि चूक दाखवली म्हणून माझ्यावरच खेकसले. मी दोघांनाही एकच सांगितलं, "मराल तेव्हा मरा, महिना पुरा करा!"

पण नळी बदलायला लागली! लालची नारिंगी झाली. मग पिवळी. मग हिरवी. जखमेचा काळेपणा गेला, कडेने गुलाबी मांस दिसायला लागलं. मी रोज पट्टी सोडताना आधी डोळे मिटून घ्यायचे, मग उघडायचे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दवाखाना गच्च भरला होता. बातमी फुटलीच होती ना! मी जिजीला आत नेलं, समोर उभं राहून बाटली भरून घेतली, थेंब मोजले, दिवा पेटवला. उकळी आली. आम्ही बघत राहिलो.

निळी!

डॉक्टरांनी माझ्या हातातून नळी हिसकावली, खिडकीपाशी नेली, परत आणली. पुन्हा तापवायला लावली. पुन्हा निळी! खाली बसून त्यांनी जिजीचा पाय मांडीवर घेतला आणि जखमेच्या कडेला बोट फिरवलं. "कातडी धरली! पाय राहिला, जिजी, पाय राहिला!" बाकावरच्यांनी टाळ्या पिटल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, स्पिरिटचा धूर गेला. स्पिरिटला धूर नसतो.

जिजी मात्र उठली. दोन्ही पायांवर. डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"मन्हं व्हयनं. आते तू तोंड उघाड."

"एकही ओढली नाही!" डॉक्टर छाती काढून म्हणाले. "महिनाभरात एकसुद्धा नाही!" आणि त्यांनी मोठा आ केला.

जिजीने टाचा उंचावल्या, नाक पुढे नेलं आणि लांब श्वास घेतला.

"बिडीना वास नही शे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सगळ्यांकडे विजयी नजर फिरवली. तोंड मिटणार तेवढ्यात जिजीने हनुवटी धरली. पुन्हा हुंगलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"गूळ!"

डॉक्टरांनी तोंड मिटलं.

"तल्लफ आली की एखादा खडा... नुसता तोंडात धरायला..."

"दिनमा कितला खडा?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

जिजी वळली. माझ्या टेबलावरची धुतलेली रिकामी बाटली उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"जाय. भरी लई ये."