रात्रीच्या बरण्या

वर्ध्याजवळच्या देवळीच्या मुलीनं समुद्रावर पीएचडी करावी, हेच मुळात लोकांना हसण्यासारखं वाटायचं. आमच्या घरापासून समुद्र कुठल्याही दिशेला जवळ नाही. पण वर्ध्याच्या कॉलेजात सरांनी मायक्रोस्कोपखाली दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातला थोडासा नमुना दाखवला आणि त्यातले बारीक, काचेसारखे जीव पाहून मी वेडीच झाले. हे जीव पाण्याबरोबर तरंगत राहतात. मासे आणि देवमासे त्यांच्यावर जगतात. दिवसा ते खोल जातात, अंधार पडला की वर येतात. कुठे किती वर येतात हे मोजायचं, असा माझा विषय ठरला. त्यासाठी दिवसा टाकलेलं जाळं हवं आणि रात्री टाकलेलंही हवं. रात्रीचं नसेल, तर माझ्या कामाला काही अर्थच नव्हता.

दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेच्या जहाजावर आम्ही दोघी गेलो. दुसरी हिंगणघाटची, आमच्याच सरांची विद्यार्थिनी, एमएस्सीपासूनची माझी मैत्रीण. तिचा विषय क्रिल, म्हणजे या तरंगत्या जीवांमधला कोळंबीसारखा, जरा मोठा प्राणी. आमची केबिन एक, वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा एक. रात्री आधी माझं जाळं पाण्यात जायचं आणि त्याच्या मागोमाग तिचं. वर येईल ते बरणीत ओतायचं, नमुना टिकावा म्हणून फॉर्मलिन घालायचं, झाकण घट्ट लावायचं.

दक्षिणेकडच्या समुद्रात जहाज सुपात धान्य पाखडावं तसं आम्हाला पाखडू लागलं. दिवसाचं जाळं मी कशीबशी टाकायची. संध्याकाळी मात्र उशीवरून डोकं उचलवत नसे. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "पडून राय तू. उगीच काऊन उठून राह्यली? तुह्यं जाळं मी टाकून देईन." रोज ती जाड बूट चढवून बाहेर जायची आणि सकाळी माझ्या फळीवर माझं नाव घातलेली भरलेली बरणी असायची. त्या बरण्या पाहून मला भरून यायचं.

परत आल्यावर आईनं तिला देवळीला बोलावलं, साडी देऊन ओटी भरली, कोथिंबिरीचं सारण भरलेली सांबारवडी पोटभर खाऊ घातली. बाजारात भेटेल त्या बाईला आई सांगायची, "ते पोरगी नसती तं माह्या पोरीचं काई खरं नव्हतं." मीही तेच सांगत फिरायची.

मग वर्षभर मी बरण्या उपसल्या. एकेक जीव चिमटीनं बाजूला काढायचा, ओळखायचा, मोजायचा. माझे डोळे लाल होत, मान आखडे. दिवसाचे आणि रात्रीचे आकडे शेजारीशेजारी मांडले, तर दोन्हीकडे तेच जीव, त्याच प्रमाणात. आपल्याला काहीतरी नवंच सापडलं, अशी हवा माझ्या डोक्यात गेली. मी नाचतच सरांकडे गेले. सरांनी कागद दोनदा पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "ह्या तर सगळ्या दिवसाच्याच बरण्या आहेत. तुझी रात्र कुठे गेली?"

मी पुन्हा बरण्या काढल्या. प्रत्येक रात्रीच्या बरणीच्या जोडीची दिवसाची बरणी अर्धी रिकामी होती. माझीच दिवसाची बरणी अर्धी ओतून घेऊन, वर पाणी भरून, तिनं ती रात्रीची म्हणून ठेवली होती. म्हणजे आता दिवसाचे आकडेही कामाचे नव्हते, आणि दुसरी मोहीम मला कोण देणार होतं? मला सगळ्यात जास्त राग आला तो एकाच गोष्टीचा. शेजारच्या टेबलावर बसून तिनं मला वर्षभर मोजू दिलं होतं.

तोवर तिचा प्रबंध जमा होऊन तिला हिंगणघाटातच नोकरी लागली होती. मी बसनं तिच्या घरी गेले. ती आनंदानं दारात आली, चहा टाकते म्हणाली. मी उभ्याउभ्याच विचारलं, "खरं सांग, माह्यं जाळं टाकलं होतं का तू?"

तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "समुद्र पाह्यला होता का तू त्या टायमाले? जाळ्यासंगं मीच गेली असती पाण्यात."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"तू तं आधीच मरून राह्यली होती. रिकाम्या बरण्या पाहून अजून रडली असती."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वादळात जिवाची भीती कोणाला नसते? मी तिचा चहा घेतला, पोहेही खाल्ले. परतीच्या बसमध्ये माझा राग जवळजवळ ओसरला होता. केसानं गळा कापला म्हणावं, असं ते नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं. तिच्या बरण्या अजून तिथेच होत्या. दुसऱ्याची बरणी उघडायची नाही हा आमच्याकडचा दंडक. तो मी मोडला आणि मला जराही वाईट वाटलं नाही. चिठ्ठ्यांवर तारखा त्याच होत्या, वेळा रात्रीच्या. पहिल्या बरणीत टपोऱ्या काळ्या डोळ्यांचे क्रिल गच्च भरले होते. दुसरी तशीच. तिसरीही तशीच. ज्या ज्या रात्री माझं जाळं टाकताना तिचा जीव गेला असता, त्या प्रत्येक रात्री, माझ्या वेळेच्या मागोमाग, तिनं स्वतःचं जाळं व्यवस्थित टाकलं होतं.