पाचशे शब्दांत कारण

लिफ्ट तपासणारी बाई आता माणसांची मनं तपासायला निघाली, म्हणून कंपनीत तिची यथेच्छ थट्टा झाली. "लिफ्ट अडकली की आधी तिची समजूत काढणार का?" फोरमन विचारायचा. ती हसण्यावारी न्यायची. विजेच्या इंजिनिअरिंगची पदवी, दहा वर्षं तेलकट हात, आणि बत्तिसाव्या वर्षी मानसशास्त्राच्या एम.ए.चा अर्ज. थट्टा होणारच की!

प्रवेशपरीक्षा तिनं गेल्याच वर्षी चांगल्या मार्कांनी पास केली होती. पण पदवी भलत्याच विषयाची, म्हणून विद्यापीठानं एक जादा पान मागितलं होतं: विषय का बदलता, पाचशे शब्दांत लिहा. तिनं 'माणसं समजून घेण्याची आवड' वगैरे गुळमुळीत काहीतरी खरडलं आणि अर्ज परत आला. शेरा होता, कारण पटत नाही. ते मार्क दोनच वर्षं चालत, म्हणजे यंदा शेवटचीच संधी.

मग यंदा तिनं मन घट्ट करून दादाबद्दल लिहिलं. दादा गेला त्याला नऊ वर्षं झाली. अपघात झाला, असं घरात ठरलं होतं. आई बिचारी तेच धरून जगली आणि तेच धरून गेली. खरं काय ते हिला ठाऊक होतं, पण बाबांना ते झेपणार नाही म्हणून हिनं कधी तोंड उघडलं नाही. पानावरही तिनं 'अपघात'च लिहिलं.

बाबा जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासायचे. घरातला कुठलाही कागद, अगदी वाण्याची यादीसुद्धा, त्यांच्या लाल पेनाखालून जायचा. सवयीनं तिनं हेही पान त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि कामावर गेली. त्यात काय लिहिलंय याचं भान आलं तेव्हा ती दहाव्या मजल्यावर होती. आता काय करायचं, कपाळ!

संध्याकाळी पान तिथंच होतं. दोन वेलांट्या सुधारलेल्या. लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही, असं म्हणणाऱ्या बाबांनी एक शब्द मात्र खोडला होता. 'अपघाता'वर रेघ, आणि वर सुबक अक्षरात 'आत्महत्या'.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"त्या दुपारी फोन केला होता त्यानं. अंक छपाईला जायचा होता. म्हटलं, कामात आहे, घरी आल्यावर बोलू." बाबांचा आवाज फाटला. "तुझ्यापासून लपवलं, पोरी."

ती खाली बसली. नऊ वर्षं एका ताटात जेवल्यासारखी दोघं जवळ राहिली, आणि एकमेकांना जपत आतल्या आत कुढत राहिली.

"मलाही केला होता, बाबा. मशीन उघडं होतं. मीपण ठेवून दिला."

बाबांनी टेबलावरचं पान जवळ ओढलं. मग हळूच म्हणाले, "मला सव्वातीनला आला होता. तुला?"

"मला साडेतीनला," ती म्हणाली.

खरं तर तिला आला तेव्हा तीनच वाजले होते; शेवटचा फोन बाबांनाच गेला होता.

बाबांनी मान खाली घातली आणि ते हुंदके देऊन रडले. पान दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुरुस्तीसकट गेलं. दोन्ही फोन तिनं त्यात लिहिले, वेळ तेवढी लिहिली नाही.