बरणीच्या गळ्याचं तेल

माझा स्वभाव घासूनपुसून लख्ख करण्याचा. मग ते भांडं असो, फरशी असो, नाहीतर माणूस. खारबावहून लग्न होऊन भिवंडीत आले ती सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, आणि सासरचं स्वयंपाकघर बघून पहिल्याच दिवशी माझे हात शिवशिवायला लागले.

आमच्या भिंतीला लागूनच लूमची शेड होती. दोन्ही शिफ्टना खटखटाट चालायचा आणि कौलांच्या फटींतून उडता कापूस आत यायचा. फोडणीचं तेल सगळ्यांच्याच घरात उडतं. आमच्याकडे त्या तेलावर कापूस बसायचा, कापसावर पुन्हा तेल आणि त्यावर चुलीचा धूर. फळीवर, डब्यांवर, खिडकीच्या गजांवर काळं, ओशट, केसाळ कीट चढलेलं असायचं. नख लावलं की सालीसारखं निघायचं. सासूबाईंना त्याचं काही वाटत नसे. एकदा मी ओलं फडकं घेऊन फळीकडे वळले, तर म्हणाल्या, "ऱ्हाव दे गो. माज्या डब्यांना हात नको लावू."

मला वाटलं, म्हातारीला कारभार सोडवत नाही. चार वर्षं झाली तरी मी त्या घरात भाजी चिरणारी आणि पाणी भरणारीच होते. पळी त्यांच्या हातात. त्यांच्या हाताला चव होती हेही खरं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

भाद्रपदात, पितरांच्या पंधरवड्यात, सासऱ्यांच्या वडिलांची तिथी असायची. त्या वर्षी आदल्या दिवशी सासूबाई सासऱ्यांबरोबर आपल्या बहिणीला भेटायला राहनाळला गेल्या आणि मी पदर खोचला. पितरांचा स्वयंपाक असल्या घाणीत करायचा का, हे कारण मला पुरेसं होतं.

आधी डबे उतरवले. कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्यात झाकणं बुडवली. फळीवर राख पसरून काथ्याने घासली. तरी जो थर हटेना त्याला राकेल. चिंधी राकेलमध्ये भिजवून थरावर दाबून धरायची, दहा अंक मोजायचे, मग ओढायची. कीट गुंडाळी होऊन यायचं. ते बघताना मला काय समाधान झालं होतं म्हणून सांगू! चिनी मातीच्या दोन सारख्या बरण्या होत्या. एकीत जाडं मीठ, दुसरीत सरत आलेलं लोणचं. तिच्या गळ्याला वर्षानुवर्षांचं तेल चिकटून राळ झाली होती. उरलेलं लोणचं वाटीत काढलं, बरणी चकचकीत केली आणि उरलेला सोडा तिच्यात भरून ठेवला. पावसाळ्यात उघडा राहिला तर पाणी सुटेल, एवढाच विचार. दोन्ही बरण्या फळीवर शेजारीशेजारी ठेवल्या. डावी कुठली आणि उजवी कुठली हे बघितलं नाही.

संध्याकाळी सासूबाई आल्या आणि दारातच थांबल्या. "राकेल कनी सांडलं?" म्हणाल्या. मग आत येऊन फळीवरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या धूळ शोधताहेत असं समजून मी तोऱ्यात उभी होते.

"बरन्या हायत ना जागेवर?"

"हो, आहेत की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकटीने सगळं रांधलं. वडे, चवळीची उसळ, भोपळ्याची भाजी, खीर. चवळी किती पटकन शिजली म्हणून त्या खूश होत्या. वडे जरा जास्तच लाल झाले, पण तेल तापलं असेल म्हणून कुणी बोललं नाही. पितरांचं अन्न कावळ्याआधी कुणी चाखायचं नाही, त्यामुळे जिभेला लावून बघायचा प्रश्नच नव्हता.

सासऱ्यांनी पान कौलांवर ठेवलं. कावळा आला, वड्यात चोच घातली, मान झटकली आणि उडाला. दुसरा आला, तोही तसाच गेला. आम्ही सगळे अंगणात वर बघत उभे. सासरे हात जोडून आपल्या मेलेल्या बापाला विचारू लागले, "काय चुकलं, बाबा? खाडीकडची जमीन दिली म्हनून राग हाय काय?" सासूबाई रडायलाच लागल्या. "माज्या हातचंच गोड लागत न्हाय त्यांना," म्हणाल्या. शेवटी गवताचा कावळा करून पानाला शिवला आणि पुरुषमंडळी जेवायला बसली.

पहिल्याच घासाला सासरे थुंकले. ह्यांनी उसळ तोंडात घातली आणि मोरीकडे धावले. मी बोटाने चाटून बघितलं. साबणासारखं तुरट, जीभ चरचरली. फळीकडे बघितलं तर सोड्याची बरणी दोन बोटं खाली गेली होती.

मी चिडले. सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले, "सोडा आणि मीठ कळत नाही? दिसत नाही का तुम्हाला?"

त्या चुलीपाशी बसल्या होत्या. पदराने हात पुसत राहिल्या.

"न्हाय दिसत गो," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. मी हातानं वलखतंय. लोनच्याच्या बरनीच्या गल्याला तेल लागायचं. ज्या डब्याला जास्त चिकाट तो गोड्या तेलाचा. आज सगलंच सारकं लागलं. वासानं बगावं तं सगल्याला राकेलचाच वास."

दोन वर्षं त्या बाईने आमटीत मीठ चुकू दिलं नव्हतं, आणि आम्हा एकालाही कळलं नव्हतं. मी तर दिवसभर त्यांच्या हाताखाली वावरत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून बसले होते, फक्त ते त्यांच्या वाट्याला आलं. त्या कीटाखाली त्यांनी आपलं आंधळेपण झाकून ठेवलं होतं, आणि मी ते राकेलने पुसून काढलं.

ठाण्याच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. दोन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं, म्हणाला. घरी आल्यावर सासऱ्यांनी फर्मान काढलं की आता विस्तवाजवळ जायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या ओटीवर बसू लागल्या, मांडीवर हात ठेवून. हात मधूनच आपोआप हलायचे, काहीतरी चिमटीत धरल्यासारखे.

मला ते बघवेना. एका दुपारी मी सगळ्या डब्याबरण्यांना सुतळ्या बांधल्या आणि गाठी मारल्या. मिठाला एक, साखरेला दोन, तेलाला तीन. सोडा तर घराबाहेर मोरीत नेऊन ठेवला. मग त्यांना हाताला धरून आत आणलं आणि कुठली गाठ कशाची ते सांगितलं. त्यांनी एकेक गाठ चाचपली आणि एकेक नाव सांगितलं. एकदा ऐकलेलं, पण एकही चुकलं नाही. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मग माझ्या दिशेने तोंड करून त्यांनी विचारलं, "मंग, मी येऊ सैपाकाला?"

सासरे कुरकुरले असते, पण मी 'मी आहे ना शेजारी' म्हटलं असतं तर गप्प बसले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण पळी हातात येऊन महिना झाला होता. घरातले माझ्या हातचं जेवत होते, ह्यांनी तर कालच भाजी चांगली झाली म्हटलं होतं.

"कशाला आई?" मी म्हणाले. "आता तुम्ही आराम करा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भिंत धरत ओटीवर गेल्या. त्यानंतर त्या सहा वर्षं जगल्या. पुन्हा त्यांनी विचारलं नाही, आणि मीही बोलावलं नाही.