माश्या पाणी कुठे पितात

माझी सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली. आकडा टाकून वीज चोरणारे, मीटरच्या पाठीमागून गुपचूप दुसरी वायर काढणारे, 'साहेब, आधी चहा घ्या' म्हणत दार अडवून उभे राहणारे, असे सगळे नमुने पाहून माझा स्वभाव संशयी झाला, असं मी म्हणतो. बायको म्हणते, मी मुळातच संशयी, म्हणून त्या नोकरीत टिकलो. निवृत्त होऊन निर्मळ गावच्या आमच्या वाडीत केळी आणि सोनचाफा बघत बसलो, तरी ती सवय गेली नाही. दुधात पाणी आणि भाजीवाल्याच्या काट्यात खोट मला आजही आधी दिसते.

त्यामुळे एक मुलगी स्कूटरवरून आली आणि "काका, तुमच्या वाडीत मधमाश्यांची पेटी ठेवू का?" असं विचारू लागली, तेव्हा मी आधी तिचं ओळखपत्र मागितलं. कार्डावरचा फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. ती कॉलेजात संशोधन करत होती. तिचं म्हणणं असं की, माशी दिवसभर आसपासच्या फुलांवर, पानांवर, पाण्यावर फिरते आणि तिथे साचलेली धातूची धूळ अंगावर, पोटात घेऊन पेटीत परतते. पेटीतल्या थोड्या माश्या, थोडं मेण आणि मध तपासला, की त्या भागात काय पसरलंय ते कळतं. अशी एक पेटी तिने सातिवलीला कारखान्यांच्या मागे ठेवली होती, एक भुईगावला समुद्राजवळ. आमची वाडी तिला स्वच्छ जागा म्हणून हवी होती, बाकीच्या पेट्या जिच्याशी ताडून बघता येतील अशी.

मला काही ते पटलं नाही. आमच्या वाडीवर एका बिल्डरचा डोळा होता. उद्या हिच्या कागदावर 'इथली जमीन खराब' असं उमटलं, की त्याचंच फावणार होतं. पण मी काही बोलायच्या आत बायकोने आतून सांगितलं, "ठेव गं पोरी. यांच्याकडे लक्ष देऊ नको." पेटी चाफ्याखाली बसली. उन्हाळा सुरू झाला तेव्हा त्या मुलीने सांगितलं म्हणून मी पेटीजवळ एक मातीची परात पाण्याने भरून ठेवली.

त्याच सुमारास आमची लेक बाळंतपणाला आली. तिचं हे पहिलंच. लग्नानंतर बरीच वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्यावर हे दिवस आले होते, त्यामुळे घरात सगळे जपून बोलायचे, जपून हसायचे. बायकोने पेटीतल्या मधाची पहिली बाटली बाळंतिणीसाठी म्हणून कपाटात वर ठेवून दिली आणि मला तिला हात लावायची बंदी केली.

मग एका सकाळी ती मुलगी आली आणि ओटीवर बसलीच नाही. "काका, सातिवलीला जे सापडेल असं वाटलं होतं ते सापडलं," ती म्हणाली. "पण शिसं सगळ्यात जास्त तुमच्या पेटीत आहे."

मी म्हणालो, नमुन्यांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील. ती म्हणाली, मलाही तसंच वाटलं म्हणून पुन्हा तपासलं. मग तिने लेकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. पोटातल्या बाळाला शिसं फार वाईट, त्याच्या डोक्याच्या वाढीवर परिणाम होतो. ताईंना मध देऊ नका आणि त्यांचं रक्त तपासून घ्या.

रक्त तपासलं. त्यातही शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, फार नाही, पण असायला नको होतं. जिथून जातंय ते शोधून लगेच बंद करा. मधाची बाटली तर अजून उघडलीही नव्हती. जावयाचा विरारहून फोन आला. "बाबा, मी तिला रविवारी घेऊन जातो. तुमच्याकडे काय आहे ते कळेपर्यंत इथेच राहू दे." त्याचं चुकलं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर बायको स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिली, ती बराच वेळ वळली नाही. मला त्या घरात पहिल्यांदा खरी भीती वाटली.

भीती वाटली की मी चौकशी सुरू करतो. आमच्या गल्लीच्या तोंडाला एकाचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे, आणि बॅटरीत शिसं असतं हे मला नोकरीमुळे माहीत. मी जाऊन त्याच्या शेडच्या मागे डोकावू लागलो. तो हात पुसत बाहेर आला.

"काय शोधता काका?"

"जुन्या बॅटऱ्या कुठे फोडतोस?"

"फोडत नाय मी. भंगारवाला तशाच्या तशा घेऊन जातो. घरात माझी पन पोरं हायत ना."

मी तरीही त्याच्या शेडमागची माती पिशवीत भरून आणली. त्याने अडवलं नाही, पण त्यानंतर मला बघून तो रेडिओचा आवाज वाढवायचा. घरी येऊन मी खिडकीचा जुना रंग खरवडला. विहिरीचं पाणी बाटलीत भरलं. हळदीची पूड घेतली, तिखट घेतलं. सगळं त्या मुलीच्या हवाली केलं, आणि ती खरंच तपासते की नुसती हो म्हणते याचाही संशय घेतला. तिने सगळं तपासलं. कशातही म्हणावं असं शिसं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी ओटीवर नुसता बसलो होतो. दुसऱ्या दिवशी लेक जाणार होती, तिची बॅग दाराशी होती. समोर पेटी, पेटीजवळ ती परात. बघता बघता माझ्या लक्षात आलं की परातीत मी सकाळी भरलेलं पाणी तसंच आहे. कालही तसंच होतं. एवढ्या उन्हात माश्या दिवसभर ये-जा करतात आणि परातीवर एकही बसत नाही. घरात पंखा फिरतोय आणि मीटर थांबलेला आहे, असं दिसलं की मी काय करायचो? वायर धरून मागे मागे जायचो. ह्या माश्या पाणी पितात तरी कुठे?

मी चपला घालून उठलो आणि माश्यांच्या मागे चालू लागलो. हे दिसायला वेडेपणाचं दिसत असणार, कारण मी वर बघत चालत होतो आणि केळीच्या दांड्यांना धडकत होतो. पण माश्या सगळ्या एकाच बाजूला जात होत्या, वाडीच्या कोपऱ्याकडे, जिथे उंबराखाली आमचा राखणदार आहे. राखणदार म्हणजे शेंदराने माखलेला एक धोंडा. वाडी सांभाळतो, घर सांभाळतो, असं माझ्या आजोबांच्या आधीपासून सगळे मानतात. दर शनिवारी बायको त्याला पाण्याने अंघोळ घालते आणि तेलात कालवलेला शेंदूर लावते. अंघोळीचं पाणी धोंड्याच्या पायाशी दगडाच्या खळग्यात साचतं आणि उंबराच्या सावलीत आठवडाभर टिकतं. त्या सकाळचं पाणी अजून तिथे होतं, लाल. खळग्याच्या काठाला माश्या ओळीने बसून पाणी पीत होत्या.

शेंदूर कशाचा करतात हे मला माहीत नव्हतं. त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काका, बाजारातला शेंदूर पुष्कळदा शिशाचाच असतो. माझ्या डोक्यातच आलं नाही." तिने पुडीतला शेंदूर नेऊन तपासला, तो तसाच निघाला. पण मला तेवढं थांबायची गरज नव्हती. तिथे उंबराखाली उभ्या उभ्याच मला पुढचं सगळं दिसलं होतं. देवाला शेंदूर लावून झाला की बायको त्याच बोटाने लेकीच्या कपाळाला टिळा लावते. मग त्याच हाताने प्रसादाचा गूळ-खोबरं तिच्या तोंडात घालते. लेक लहान असल्यापासून हे असंच चालत आलंय. हल्ली तर दोन जिवांची म्हणून बायको घास जरा मोठाच करायची.

जगातल्या सगळ्यांवर मी संशय घेतला होता. त्या हातावर घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती आधी चिडली. "आता देवावर पण संशय घ्यायला लागलात," म्हणाली. मी तिला खळग्यापाशी नेलं आणि माश्या दाखवल्या. ती बघत राहिली. मग तिने स्वतःचा उजवा हात पदरात गुंडाळून घेतला, जसा भाजल्यावर घेतात. घरी येईपर्यंत तिने तो बाहेर काढला नाही. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात ती पद्धत नाही, म्हणून मी नुसता तिच्या बाजूने चालत राहिलो.

जावयाला मी सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग राहू दे तिला तिथेच." बॅग पुन्हा आत गेली. गॅरेजवाल्याकडे जाऊन मी चूक कबूल केली. तो म्हणाला, "जाऊ द्या काका," आणि रेडिओ बंद केला. राखणदाराला आता नुसतं तेल आणि जास्वंदीचं फूल असतं. खळगा सिमेंटने बुजवला. पुढच्या तपासणीत लेकीच्या रक्तातलं शिसं उतरलेलं दिसलं, तरी बाळ होईपर्यंत आणि झाल्यावरही लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

पण बायको लेकीला भरवताना चमचा घेऊ लागली. भाकरीसुद्धा चमच्याने कशी भरवणार? शेवटी लेकच एकदा म्हणाली, "आई, हाताने भरव ना. चमच्याने चव लागत नाही."

बायको मोरीत गेली. साबणाने, मग राखेने, मग पुन्हा साबणाने हात धुण्याचा आवाज येत राहिला. बाहेर येऊन ती लेकीकडे न जाता माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. "तुम्हीच बघा. तुम्हाला दिसतं."

आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्या संशयाला मान दिला होता. मी चष्मा लावला. तिचा हात दिव्याखाली धरला, बोटं उलटसुलट केली, एकेक नख पाहिलं. अंगठ्याच्या नखाच्या कडेला एक बारीक लाल रेघ होती. लोणच्याची असेल, कुंकवाची असेल. स्वच्छ आहे म्हणून टाकावं असं फार वाटलं.

"पुन्हा धू," मी म्हणालो.

ती मोरीकडे वळली. आत लेक ताट समोर घेऊन थांबली होती.