मामांचा गळका समुद्र

हे मी इतकी वर्षं टाळलं. लिहायला बसलो की मामांच्या गमती तेवढ्या लिहून व्हायच्या आणि माझा भाग येण्याआधीच मी कागद आवरून ठेवायचो. आता वय असं झालंय की राहिलेलं राहूनच जायचं. तर सबंध मॉरिशसमध्ये समुद्राची काळजी करणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे सूयाक गावचे मामा. बाकीचे लोक समुद्रात मासे धरत, पोहत, गणपती बोळवत. मामा मात्र समुद्र गळतोय म्हणून हवालदिल असत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मामा साखर कारखान्यात उसाच्या चरकावर तीस वर्षं काढून घरी बसले होते. त्यांचा प्रश्न साधा होता: सगळ्या नद्या रोज समुद्रात पडतात, तर तो भरून वर का येत नाही? मी कार्तिए मिलितेरच्या शाळेत भूगोल शिकवायचो. वाफ, ढग, पाऊस असं सगळं मी त्यांना समजावून सांगे. ते मान हलवत ऐकत आणि शेवटी म्हणत, "हे वरचं झालं, मिस्ये. खालचं सांगा." आमच्याकडे मास्तरला क्रिओलमध्ये मिस्ये म्हणतात. एरवी मी त्यांचा जावई असे. माझं ज्ञान तोकडं पडलं की मिस्ये होई. किनाऱ्यावरच्या एका खडकावर त्यांनी लाल रंगाची खूण केली होती. भरती-ओहोटीमुळे पाणी कधी खुणेच्या वर, कधी खाली, आणि त्याप्रमाणे मामा कधी खुशीत, कधी चिंतेत घरी येत. मामी दारातूनच विचारत, समुद्र आहे ना अजून? मग आंघोळ उरकून घ्या.

त्यांचं म्हणणं असं की समुद्राच्या तळाचा दगड पाणी पितो आणि ते पोटात घेऊन कुठंतरी पृथ्वीच्या आत उतरतो. पाहुणा आला की मामा पाव चहात बुडवून खात आणि विचारत, चहा घशाखाली एकटा गेला, की पावात बसून गेला? एकदा मी म्हटलं, एवढ्या खोल गेल्यावर वरच्या वजनानं पाणी पिळून बाहेर नाही का येणार? मामा असे हसले, जणू मी या प्रश्नापर्यंत पोचावं म्हणूनच ते थांबले होते. "जावई, तीस वर्सं चरकावर होतो. कितीबी दाबा, चिपाडात ओल राहतीच." पुरावा म्हणून ते समुद्रातून काळे दगड काढत, उन्हात आठवडाभर वाळवत आणि मामीच्या बिर्याणीच्या डेगेत झाकण घालून भाजत. झाकणाच्या आत थेंब धरले की ते सगळ्यांना दाखवल्याशिवाय कुणाला जेवायला मिळत नसे. सें पिएरच्या एका लग्नात त्यांनी नवऱ्याकडच्या लोकांना जेवणाच्या पंगतीत हे सगळं ऐकवलं. मी मान खाली घालून बसलो. आमच्या घरात उसाचा कोयता सोडून खडू हातात धरणारा मी पहिलाच. मला माझ्या माणसांची फार लवकर लाज वाटत असे.

मग समुद्राचा तळ तपासणारं एक परदेशी जहाज पोर्ट लुईला लागलं. मामांनी अकरा पानं लिहिली, आमच्या आजोबा-पणजोबांच्या मराठीत, अधूनमधून क्रिओल. मी त्यांचं फ्रेंच करून जहाजावर द्यायचं ठरलं. मी पाव आणि चहापर्यंत आलो आणि माझे कान तापले. गोरे साहेब हे वाचून आमच्या लोकांना काय म्हणतील? पोर्ट लुईला मी गेलो, धक्क्यावरून जहाज पाहिलं आणि पानं खिशात घेऊन परत आलो. मामा फाटकाशीच उभे होते. त्यांचा हा नाद कायमचा तुटावा म्हणून मी सांगितलं, साहेबांनी वाचलं आणि हसले.

"सगळे हसले?" मामांनी विचारलं.

"सगळे."

"बरं," ते म्हणाले आणि मला जेवायला बसवलं.

त्यानंतर मामा समुद्राबद्दल बोलले नाहीत. दगड त्यांनी कुंपणाला लावून टाकले. डेग परत मिळाली म्हणून मामी आधी सुखावल्या, मग एकदा मला म्हणाल्या, घरात कुणी वारल्यासारखं वाटतं हो.

ऐंशीच्या दशकात क्यूरपीपला आम्हा शिक्षकांसाठी एका पाहुण्या प्राध्यापकाचं व्याख्यान झालं. समुद्रतळाचा काळा दगड युगानुयुगं पाणी शोषतो, ते दगडाच्या घडणीतच अडकून बसतं, आणि जिथं एक तळ दुसऱ्याखाली बुडतो तिथं ते त्याच्याबरोबर आत जातं. दाबानं नि उष्णतेनं बरंचसं सुटून वर येतं, तिथले ज्वालामुखी त्यावरच पेटतात. पण थोडं आणखी खोल जातच राहतं. मामांना वाटे, हे सूयाकच्या कड्याखालीच चाललंय. प्राध्यापक सांगत होते ती जागा पार जावा बेटापाशी. समुद्र त्यामुळे आटतोय का, की ज्वालामुखींतून तेवढंच परत येतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट कळत नाही. मामा किती बरोबर, किती चूक, याचा हिशेब मला लागत नाही. माझा तेवढा लागतो.

त्याच रविवारी मी सूयाकला गेलो. मामा थकले होते, ऐकू कमी येत होतं. वाक्य मी बसमध्ये जुळवून नेलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "त्या सायबांसमोर माज्यापायी तुमाला खाली बघावं लागलं. मनात ठेवू नका, जावई."

मी म्हणालो, "छे, मामा."

मग ते मुलांच्या परीक्षांबद्दल विचारत राहिले आणि मी उत्तरं देत राहिलो. पुढच्या वेळी सूयाकला गेलो तो त्यांना स्मशानात पोचवायला. बसमध्ये जुळवलेलं वाक्य एवढंच होतं: मामा, तुमची पानं कुणी वाचलीच नाहीत; कुणी हसलं नाही, मी खोटं बोललो, मला माफ करा.